भीमपेठहून सावरगडला

एकनाथरावांनी मोबाइलवर एक वेबसाइट शोधून काढली होती. दोन गावांची नावं टाकली की विमानानं किती अंतर आणि किती वेळ, ते ती सांगायची. भीमपेठ ते सावरगड : एकशे शहाण्णव किलोमीटर, सत्तावीस मिनिटं. हैदराबादेत बरकतपुऱ्यातल्या घरी कोणीही आलं की ते चष्मा लावून हे वाचून दाखवायचे. रस्त्यानं जिथं पाच-सहा तास जातात, तिथं सत्तावीस मिनिटं, असं म्हणून ते समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे.

त्यांची मुलगी तेजश्री प्रत्येक वेळी सांगायची, की बापू, इतक्यात होत नाही. तिचं कामच ते होतं. मंजीरा एअर ही सत्तर आसनांची चार विमानं असलेली लहानशी कंपनी हैदराबादहून आसपासच्या गावांना विमानं सोडायची, आणि तेजश्री तिथं फ्लाइट डिस्पॅचर होती. विमान निघण्याआधी त्यानं कोणत्या वाटेनं जायचं, किती इंधन घ्यायचं, किती वेळ लागेल, उतरण्याच्या गावी हवा कशी आहे, हे सगळं मांडून ती एक आराखडा तयार करायची. त्यावर दोन सह्या लागत, एक कॅप्टनची आणि एक तिची. दोन्ही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नसे. वेबसाइटवाले नकाशावर सरळ रेघ ओढतात आणि विमानाच्या वेगानं भागतात, हे तिनं वडिलांना समजावलं होतं. विमानाला धावपट्टीपर्यंत जायला वेळ लागतो, वर चढायला लागतो, उतरताना वेग कमी करावा लागतो. शिवाय सावरगडला पूर्वेच्या बाजूला टेकडी आहे. भीमपेठ नेमकं पूर्वेकडे. त्यामुळे गाव दिसलं तरी विमानाला गावावरून पुढे जाऊन, वळसा घालून, पश्चिमेकडून उतरावं लागतं. हैदराबादहून भीमपेठमार्गे जाणाऱ्या विमानाच्या वेळापत्रकात या दुसऱ्या टप्प्याला पंचेचाळीस मिनिटं धरली होती. विमान हलल्यापासून चाक टेकेपर्यंत खरी अठ्ठेचाळीस लागत.

बापू सगळं ऐकून घ्यायचे आणि पुढच्या पाहुण्याला सत्तावीसच सांगायचे.

सावरगडला त्यांची मोठी बहीण राहायची, भामाअक्का. तिच्या घरी ते बावीस वर्षं गेले नव्हते, आणि तीही त्यांच्याकडे आली नव्हती.

बावीस वर्षांपूर्वी जानेवारीत त्यांची आई बरकतपुऱ्याच्या घरी पहाटे गेली. एकनाथरावांनी सावरगडला शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप दिला. अक्का सहाच्या बसनं निघाली. बसला आठ-नऊ तास लागत, म्हणून त्यांनी जमलेल्यांना सांगितलं, की तीनपर्यंत ती येईल. तीन वाजले, चार वाजले. अक्काकडे मोबाइल नव्हता. गौलीगुड्याच्या बसस्टँडवर माणूस पाठवला, तो हात हलवत परत आला. दिवस मावळायच्या आत उरकलं पाहिजे, असं वडीलधारी मंडळी म्हणू लागली. साडेचारला त्यांनी आईला उचललं आणि अंबरपेठेच्या घाटावर पावणेसहाला अग्नी दिला. अक्काची बस वाटेत दोनदा बंद पडली होती. बारा तास प्रवास करून, मग स्टँडवर रिक्षा शोधून ती घरी पोचली, तेव्हा माणसं घाटावरून परतून अंघोळी करत होती.

ती रडली नाही. भावाला एवढंच म्हणाली, "सूर्य थांबत नाही हे मलाही कळतं, नाथा. पण तू थांबला असतास." त्या घरात ती पाणीसुद्धा प्यायली नाही. दहाव्यालाही आली नाही. पुढे लग्नकार्यात ती मुलाच्या हातून आहेर पाठवायची. एकनाथरावही गेले नाहीत. आधी तोंड दाखवायची लाज वाटत होती म्हणून, मग ती सवयच झाली म्हणून, आणि मग त्यांच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं म्हणून. गाडीत तासाभरावर सलग बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सप्टेंबरमध्ये अक्काचा मुलगा हिंमतराव याचा फोन आला. अक्काचा डावा डोळा गेला होता आणि उजवाही हळूहळू जात होता. डॉक्टर म्हणाले होते, काही महिने. अक्कानं निरोप दिला होता, दिसतंय तोवर येऊन जा म्हणावं.

हा निरोप ऐकून एकनाथराव दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत. मग तेजश्रीनं तिकीट काढलं. हैदराबादहून भीमपेठ, आणि तेच विमान पुढे सावरगड. दिवाळीच्या तोंडावर गर्दी आहे म्हणून त्यांनी पहिल्यांदा तिकीट रद्द करायला लावलं. दुसऱ्यांदा सर्दीचं कारण झालं. डिसेंबरात तिनं तिसरं तिकीट काढलं आणि या वेळी मी रद्द करणार नाही, असं सांगून टाकलं. मग मात्र ते उत्साहानं तयारीला लागले. चौतीस वर्षं ज्या बेगम बाजारात त्यांनी हळद-मिरचीच्या पेढीवर माल पारखला होता, तिथं जाऊन त्यांनी शहाजिरे आणि चारोळी आणली. अक्कासाठी नारायणपेठी साडी घेतली, ठसठशीत लाल काठाची. दुकानदाराला म्हणाले, रंग लांबून दिसला पाहिजे.

मंगळवार होता. तेजश्रीची ड्यूटी दुपारी बारापासून होती. सकाळीच ती बापूंना बरोबर घेऊन शमशाबादच्या विमानतळावर गेली, त्यांना आत सोडलं आणि आपल्या ऑफिसात येऊन बसली. विमान तीनला सुटायचं होतं. भीमपेठला चार वाजून पाच मिनिटांनी पोचून साडेचारला तिथून निघायचं आणि सव्वापाचला सावरगडला उतरायचं. सावरगडच्या धावपट्टीवर दिवे नव्हते. सूर्यास्त पाच-सत्तेचाळीसला होता. तिथं उतरणारं विमान सूर्यास्ताच्या किमान पंधरा मिनिटं आधी टेकलं पाहिजे, असा कंपनीचा लेखी नियम होता. वेळापत्रकाप्रमाणे विमान सूर्यास्ताच्या बत्तीस मिनिटं आधी टेकणार होतं. काळजीचं काही नव्हतं.

तीनला पाच कमी असताना इंजिनिअरला डाव्या चाकाच्या टायरवर काप दिसला. टायर बदलावा लागला. विमान तीन-वीसला निघालं.

तेजश्रीनं तेव्हाच पुढचं गणित मांडलं. भीमपेठला विमान चार-पंचवीसला पोचणार. तिथली माणसं उतरवून, नवी चढवून, सामान घालून निघायला एरवी पंचवीस मिनिटं लागत. तिनं भीमपेठच्या ऑफिसला फोन केला. ते म्हणाले, बावीसमध्ये आवरतो, त्याहून खाली नाही होणार. म्हणजे चार-सत्तेचाळीस. त्यात अठ्ठेचाळीस मिळवली की पाच-पस्तीस. सूर्यास्ताआधी बारा मिनिटं.

तीन मिनिटं कमी पडत होती.

तिनं पुन्हा मोजलं. वाऱ्याचा ताजा अहवाल मागवून तिसऱ्यांदा मोजलं. आपल्याला काय उत्तर हवं आहे, हे तिला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तिचा स्वतःच्या आकड्यावरही विश्वास बसेना. शेजारच्या टेबलावर चिन्मय होता, दोन वर्षांपूर्वी लागलेला, इथंच वाढलेला. आपला आकडा न सांगता तिनं त्याला हाच टप्पा मांडायला सांगितला. त्यानं दहा मिनिटांनी मान वर केली. "सत्तेचाळीस मिनिटं येतात, मॅडम. पाच-चौतीसला उतरतं. हौ, तेरा मिनिटं. जमत नाही."

मग ती कौस्तुभकडे गेली. कौस्तुभ पुण्याचा, सहा वर्षांपासून हैदराबादेत. विमानं वेळेवर सुटतात की नाही हे बघणारा प्रमुख. माणूस वाईट नव्हता. त्यानं कागद बघितला आणि म्हणाला, की ते विमान रात्री सावरगडला मुक्कामाला राहतं, उद्या सकाळी साडेसातला तिथून एकसष्ट माणसं हैदराबादला यायची आहेत. आज ते पोचलं नाही तर उद्याचंही बिघडणार. मग त्यानं पेन्सिलीनं वेळापत्रकावरच्या आकड्याभोवती गोल काढला.

"इथं पंचेचाळीस आहे. हाच आपला अधिकृत आकडा. पंचेचाळीस धर. पाच-बत्तीस. बरोबर पंधरा मिनिटं होतात."

तेजश्रीला हे आधीच सुचलं होतं. पंचेचाळीस लिहिलं तर कागदावर सगळं नियमात बसत होतं, आणि उद्या कुणी विचारलं असतं तर वेळापत्रक दाखवता आलं असतं. पण ऑक्टोबरपासून विमानानं हा टप्पा साठ वेळा केला होता आणि त्यातले चार सोडले तर पंचेचाळीसच्या आत एकदाही ते पोचलं नव्हतं. एकदा तर त्रेपन्न लागली होती. तिनं हे कौस्तुभला सांगितलं. तो म्हणाला, की उशीर होतोय असं दिसलं तर कॅप्टन मागे वळेल, हैदराबादला परत यायला इंधन आहे, कुणाच्या जिवाला धोका नाही.

"माणूस एकदा एवढ्या जवळ गेला की मागे वळत नाही," तेजश्री म्हणाली. "धावपट्टी समोर दिसत असते. मग घाई करतो. तिथंच चुका होतात."

मग तिनं त्याला सांगितलं, की या विमानात माझे वडील आहेत. हे तिला सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, पण जीभ रेटली नव्हती. निर्णय दुसऱ्या कुणी घ्यावा असं वाटत असेल तर चिन्मयला सही करू दे, असंही ती म्हणाली. "वडील आहेत तर मग तुला ते पोचायलाच हवेत ना?" कौस्तुभनं विचारलं. तिनं हो म्हटलं. तेवढ्यात चिन्मय दारातूनच म्हणाला, की सर, माझा आकडा सत्तेचाळीस आहे, मला पण सही करता येणार नाही.

विमान भीमपेठला पोचलं तेव्हा चार-पंचवीस झाले होते. तेजश्रीनं कॅप्टन प्रियदर्शिनीला फोन लावला आणि सगळे आकडे वाचून दाखवले. प्रियदर्शिनी वीस वर्षं विमान चालवत होती. तिनं विचारलं, तू काय म्हणतेस. तेजश्री म्हणाली, मी सही करत नाही. प्रियदर्शिनीनं वाद घातला नाही. सही नसेल तर मी उडवत नाही, एवढंच बोलून तिनं फोन ठेवला.

चार-चौतीसला टप्पा रद्द झाला. विमान भीमपेठहून उलटं हैदराबादला परत येणार होतं, कारण इथं रात्री उतरता येत होतं. ज्यांना सावरगडला जायचं होतं त्यांना परत विमानात बसून हैदराबादला यायची मुभा होती. नाहीतर कंपनी भीमपेठहून गाड्या करून देणार होती. रस्ता दोनशे सत्तर किलोमीटरचा, आणि मधला बराचसा खोदून ठेवलेला.

तेजश्रीनं बापूंना फोन केला. मागे माणसांचा आवाज येत होता. कुणीतरी तावातावानं भांडत होतं.

"बापू, विमान पुढे जात नाही."

"इथं सांगितलं आत्ताच. कुणी थांबवलं?"

"मी."



"किती मिनिटं कमी पडली?" त्यांनी विचारलं.

"तीन मिनिटं."

"तीन मिनिटं," ते म्हणाले.

"सूर्य मावळायच्या आधी..." ती बोलू लागली आणि मध्येच थांबली. आपण कुणाला काय सांगतो आहोत ते तिच्या ध्यानात आलं. पलीकडून बापूंनीही ते ऐकलं असावं. ते म्हणाले, "कळलं." आणि फोन बंद झाला.

बापूंच्या पाठीमुळे ते गाडीनं जाणार नाहीत, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. म्हणजे परत येतील, साडी आणि शहाजिरे घेऊन परत येतील, आणि चौथ्यांदा तिकीट काढू देणार नाहीत. तिकडे अक्का म्हणेल, नाही आला. तिनं हिंमतरावला फोन लावला, पण तो उचलला गेला नाही. मग तिनं बापूंसाठी विमानतळावर टॅक्सी सांगून ठेवली आणि दुसऱ्या विमानांच्या कामाला लागली.

पावणेसहा वाजून गेले तेव्हा ती मुद्दाम घड्याळाकडे बघत नव्हती.

विमान सहा-चाळीसला हैदराबादला उतरलं. अकरा माणसं परत आली होती. त्यांत एकनाथराव नव्हते. त्यांचा मोबाइल बंद लागत होता. तिनं भीमपेठला फोन केला. तिथल्या माणसाला ते आठवले. म्हातारे गृहस्थ, हातात पिशवी. शेवटच्या गाडीत मागचं अख्खं सीट त्यांनी झोपायला मागून घेतलं आणि त्या गाडीनं गेले.

या वेळी हिंमतरावानं फोन उचलला. तेजश्रीनं झालं ते सगळं सांगितलं, आपण थांबवलं हेही सांगितलं. तो म्हणाला, की अक्का चारपासून ओसरीवर बसून आहे, तिला सांगतो. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, अक्का विचारते, कोणत्या रस्त्यानं येतोय.

एकनाथराव सावरगडला दोन दिवस राहणार होते. राहिले आठ दिवस. पुढच्या बुधवारी ते सकाळच्या विमानानं परत आले. विमान सावरगडहून थेट होतं आणि वेळेवर होतं. संध्याकाळी घरी चहा पिताना त्यांनी तेजश्रीला सगळं सांगितलं. एरवी ते एवढं बोलत नसत.

गाडीत सात जण होते. ड्रायव्हर जहीराबादकडचा, दखनी बोलणारा. दर पाऊण तासानं त्यांना पाठ सरळ करायला खाली उतरावं लागे. दुसऱ्यांदा गाडी थांबवली तेव्हा एक गृहस्थ कुरकुरला. ड्रायव्हर त्याला म्हणाला, "चाचा की पीठ का मामला है साब, थोडा सबर करो," आणि पुढे कुणी काही बोललं नाही. एका शाळेच्या बाईंनी आपली शाल घडी करून त्यांच्या कमरेखाली दिली. मागच्या सीटवर आडवं पडल्यावर रस्ता दिसत नव्हता, फक्त झाडांचे शेंडे आणि कधीमधी एखादा दिवा. गाडी कुठं आली आहे ते कळत नव्हतं. खड्डा आला की कमरेतून कळ जायची. मोबाइलची बॅटरी संपली होती, त्यामुळे कुणाला काही कळवताही येत नव्हतं. आता अक्का जेवून झोपली असेल, दार लावून घेतलं असेल, आता काय फायदा, असं त्यांच्या मनात येत राहिलं.

"त्या दिवशी अक्का बारा तास बसमध्ये होती," ते म्हणाले. "आम्ही थांबलो असू का, आई घरात असेल का, हेच तिच्या डोक्यात चाललं असणार. बावीस वर्षांत मी हा विचार एकदाही केला नव्हता. मी फक्त घाटावरचा विचार केला. लोक काय म्हणत होते, किती उशीर होत होता. तिच्या बसमध्ये मी कधी बसलोच नव्हतो."

गाडीला सात तास लागले. ते पोचले तेव्हा बारा वाजत आले होते. ओसरीवरचा दिवा लावलेला होता आणि अक्का खुर्चीत बसली होती. तिनं त्यांना ओळखलं ते चालण्यावरून. किती वाजले, तिनं विचारलं. त्यांनी सांगितलं. मी अजून जेवले नाही, ती म्हणाली, आणि सुनेला पानं घ्यायला सांगितलं. दोघं शेजारी शेजारी बसून जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात बसले असताना त्यांनी साडी दिली. अक्कानं ती उजव्या डोळ्याजवळ नेऊन काठ बघितला आणि लाल आहे म्हणाली. मग तिनं त्यांना रस्त्याचं विचारलं, कुठं कुठं थांबलात, कोण कोण होतं. त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "अक्का, त्या दिवशी मी थांबायला हवं होतं."

"हो," अक्का म्हणाली. "हवं होतं."

ती त्याच्यापुढे गेली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. थोड्या वेळानं तिनं आईचं शेवटचं दुखणं कसं होतं ते विचारलं. औषध कुणाचं होतं, शेवटी बोलत होती का, कुणाचं नाव घेतलं का. बावीस वर्षं तिला हे कुणाला विचारताच आलं नव्हतं. एकनाथरावांनी आठवून आठवून सांगितलं. ते सांगायलाच तीन-चार दिवस लागले, कारण मध्येच ती एखादी गोष्ट पुन्हा विचारायची. म्हणून ते आठ दिवस राहिले.

इकडे ऑफिसात तेजश्रीला लेखी खुलासा द्यावा लागला. टप्पा रद्द झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची ती एकसष्ट माणसं सावरगडच्या विमानतळावर दोन तास ताटकळली होती आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी तक्रारी केल्या होत्या. तिनं एका पानात झालं ते लिहिलं आणि साठ उड्डाणांच्या खऱ्या वेळा खाली जोडल्या. कौस्तुभ पंधरा दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला.

तिला टोचत होतं ते वेगळंच. विमानात बापू नसते तर आपण पंचेचाळीस लिहिलं असतं का, आणि ते होते म्हणूनच आपण जास्त कडक झालो का, हे तिला ठरवता येत नव्हतं. एकदा कँटीनमध्ये तिनं हे प्रियदर्शिनीला विचारलं. प्रियदर्शिनीनं चहा ढवळत थोडा विचार केला.

"मी गेले असते तर काय केलं असतं ते सांगू?" ती म्हणाली. "दहा मिनिटं उरली असती तरी उतरले असते. आठ असती तरी बहुतेक उतरलेच असते. समोर पट्टी दिसली की मला स्वतःवर भरवसा नाही. म्हणून तर जमिनीवर बसलेल्या माणसाची सही लागते. तुझे वडील आत होते की नव्हते, त्यानं अठ्ठेचाळीसचे पंचेचाळीस होत नाहीत."

तेजश्रीला पूर्ण पटलं असं नाही, पण त्यानंतर तिला झोप बरी लागू लागली.

जानेवारीच्या नव्या वेळापत्रकात ते विमान हैदराबादहून तीनऐवजी दोन-वीसला सुटू लागलं आणि भीमपेठ ते सावरगड या टप्प्याला पन्नास मिनिटं धरली गेली. कौस्तुभनं वेळापत्रकाची प्रत सगळ्यांना पाठवली तशी तिलाही पाठवली. सोबत एक ओळही नव्हती. दुसऱ्या दिवशी मात्र तो तिच्या टेबलापाशी थांबला आणि वडिलांची पाठ कशी आहे ते विचारून गेला.

त्याच आठवड्यात एका दुपारी हिंमतरावच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे अक्का होती. कळत्या वयात तेजश्री तिच्याशी कधीच बोलली नव्हती. लग्नात आलेल्या आहेराच्या पाकिटावरचं नाव, एवढीच तिला आत्या ठाऊक होती.

"तू तेजश्री का? माझ्या भावाला तू वाटेत उतरवलंस म्हणे."

"हो, आत्या."

"मला फार राग आला होता. हिंमतनं सांगितल्यापासून तो दारात येईपर्यंत राग होता." मग तिनं विचारलं, "तीन मिनिटांत काय होतं गं?"

तेजश्रीनं तिला टेकडीचं, वळशाचं आणि दिवे नसलेल्या धावपट्टीचं सांगितलं. अक्कानं मध्ये न बोलता ऐकून घेतलं. ती टेकडी मला ठाऊक आहे, ती म्हणाली, लहानपणी हिंमतला तिथं करवंदं आणायला घेऊन जायचे. मग म्हणाली, की तुझा बाप फोनवर रोज तासभर बोलतो आता, तेच तेच बोलतो, पण बोलू दे. उजव्या डोळ्याला अजून दिसतंय. माणूस समोर उजेडात बसलं तर चेहरा कळतो.

"तू मोठी झाल्यावर तुला मी पाहिलेलंच नाही," अक्का म्हणाली. "कधी येतेस?"

तेजश्रीनं समोरच्या भिंतीवरचा ड्यूटीचा तक्ता बघितला. एकोणीस आणि वीस तारखेला तिला सुट्टी होती. तिनं तारीख सांगितली. अक्कानं सुनेला हाक मारून ती मोठ्यानं सांगितली आणि लक्षात ठेवायला लावली. फोन झाल्यावर तेजश्रीनं एक दिवस जास्त राहता यावं म्हणून एकवीसच्या रजेचा अर्ज भरला आणि त्या दिवशी तिच्या जागी काम करायच्या संमतीची सही घ्यायला तो चिन्मयकडे दिला.